धुरीअण्णांच्या दारातली शांतता

विश्राम धुरी विरुद्ध रुपेश मेस्त्री व समस्त गावकरी मंडळी, आंबेरखोल, हा बदनामीचा दावा आम्ही जिंकलो. पण तडजोडनाम्याच्या शेवटच्या कलमानुसार हा दावा कधी झालाच नव्हता असं उभय पक्षांनी समजून चालायचं आहे. तेव्हा आम्ही जिंकलो नाही, कोणी हरलं नाही, आणि त्या दुपारी कुबल वकिलांच्या ऑफिसात बेलिफ आला, तोही आला नव्हता.

न आलेल्या बेलिफाने दारात चपला काढल्या.

"रुपेश मेस्त्री कोण?"

"मी."

"वकील?"

"हो. नवाच आहे."

"मग करा सही. तुमच्याच विरुद्ध आहे."

कुबल भाई खुर्चीत मागे रेलले. मी त्यांच्याकडे ज्युनिअर होतो. वकिली म्हणजे त्यांच्या फायली उचलणं आणि त्यांच्यासाठी सोलकढी आणणं, एवढाच माझा तोवरचा अनुभव.

"स्वतःची केस पाहिजे म्हणत होतास ना?" भाई म्हणाले. "घे."

त्यांनी चष्मा चढवून दावा मोठ्याने वाचला. प्रतिवादी क्रमांक एक याने शिमग्यात वादीच्या राहत्या घरासमोर ढोल वाजवून, वादीची नाचक्की व्हावी या एकमेव उद्देशाने, पुढील मजकूर उच्चारला. पुढे अवतरणचिन्हांत माझी कविता होती. छापून आलेली माझी ती पहिलीच.

अण्णा बसले गळ टाकून,
पापलेट इला बर्फ झाकून!

"बरं जमलंय," भाई म्हणाले.

"चालीवर म्हटलं की आणखी बरं वाटतं."

"इथे नको म्हणूस."

आमच्या गावात याला फाका म्हणतात. शिमग्यात ढोल घरोघर फिरतो, आणि प्रत्येक दारात त्या घरच्या माणसाचं वर्षभरातलं एखादं बिंग दोन ओळींत मोठ्याने फोडायचं. मग सगळ्यांनी तोंडावर हात मारून बोंब ठोकायची. ज्याचा फाका त्याने बाहेर येऊन नारळ द्यायचा आणि हसायचं. हसू आलं नाही तरी नारळ द्यायचाच. सरपंच, पोलीस पाटील, माझा स्वतःचा बाप, कोणी सुटत नाही. फाके रचण्याचं काम गावाने माझ्याकडे दिलं होतं, कारण मी शिकलेला होतो आणि दुसऱ्या कशाला उपयोगी नव्हतो.

विश्राम धुरी, म्हणजे धुरीअण्णा, गावचेच. पण लहानपणीच मुंबईला गेलेले. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर डोंबिवलीची जागा विकून त्यांनी आंबेरखोलला बंगला बांधला. परत जायला आता जागाच नव्हती. जे काय उरलेलं आयुष्य काढायचं ते याच गावात, याच लोकांत. रोज सकाळी ते डोक्यावर मोठी टोपी घालून खाडीवर गळ टाकून बसत आणि दुपारी पिशवीत मासे घेऊन वाडीतून चालत घरी येत. फोटो काढून जुन्या ऑफिसातल्या लोकांच्या ग्रुपवर टाकत: 'आजचा गळ.' आता, पापलेट खाडीत गळाला लागत नाही हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण वर्षभर कोणी काही बोललं नाही. बोलायचा एक हंगाम असतो, आणि तो यायचा होता.

फाका झाला तेव्हा अण्णांनी नारळही दिला होता. पण कोणीतरी मोबाइलवर तो टिपला, आणि तो फिरत फिरत डोंबिवलीला, त्या ग्रुपवर पोचला. तिथे नारळाची पद्धत नव्हती.

"मुद्दे चांगले घेतलेत त्यांच्या वकिलाने," भाई म्हणाले. "एक, मजकूर खोटा आहे. दोन, खरा असला तरी वादीच्या पिशवीत काय आहे ही वादीची खासगी बाब आहे."

"दोन्ही एकदम?"

"दावा असाच लिहितात. तुला काय म्हणायचंय?"

"सत्य हा बचाव आहे. शिवाय अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. शिवाय शिमगा आहे."

"शिमगा घटनेत नाही. सत्याला साक्षीदार आण."

साक्षीदार म्हणजे सुलू काकी, बाजारात पापलेट घेऊन बसणारी. मी गेलो तेव्हा ती सुरमई कापत होती. सगळं ऐकून घेतलं, आणि कोयती खाली न ठेवता म्हणाली, "गिऱ्हाइकाच्या पिशयेत काय आसा, ता मी कोणाक सांगूचंय नाय."

"काकी, कोर्टात खरं सांगायला लागतं."

"मगे कोर्टाक सांग, येवन मासे घे. तुझ्या आवशीन काल काय न्हेला, ता सांगतंय मी कोणाक?"

"काय नेलं?"

"बघ. इचारतंस."

खासगीपणाच्या हक्कावर याहून भक्कम युक्तिवाद मी पुढे हायकोर्टातही ऐकलेला नाही. साक्षीदाराविना परत आलो.

तारखा पडत गेल्या आणि पुढचा शिमगा तोंडावर आला. तेव्हा अण्णांच्या वकिलांनी तूर्तातूर्त मनाई हुकुमाचा अर्ज रेटला. न्यायाधीश बाई लातूरकडच्या, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी सगळी फाइल शांतपणे वाचली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरच्या थकव्यावरून कळत होतं.

"फाका झाल्यावर 'बोंब' मारली असं लिहिलंय. त्यात नेमकं काय बोलतात?"

"काही नाही मॅडम. तोंडावर हात मारून नुसता आवाज."

"शब्द नसतात?"

"एकही नाही."

टंकलेखकाने मान वर करून विचारलं, "हे कसं टाइप करू?" बाई म्हणाल्या, "ध्वनी, असं लिहा."

अण्णांचे वकील उभे राहिले. माझे अशील सभ्य गृहस्थ आहेत, प्रथेच्या नावाखाली कोणी कोणाच्या दारात येऊन त्याचं खासगी आयुष्य ओरडू शकत नाही, त्यांना फक्त शांतता हवी आहे. अण्णा मागच्या बाकावर इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले होते. 'शांतता' या शब्दावर त्यांनी मान डोलावली.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुमचं म्हणणं?"

माझ्याकडे कलम एकोणीसवर लांबलचक भाषण तयार होतं. आरशासमोर ते दोनदा म्हणून झालं होतं. मी म्हणालो, "मॅडम, हुकुमाची गरज नाही. आम्ही हमी देतो. दाव्याचा निकाल लागेपर्यंत वादीच्या दारात एक शब्द निघणार नाही, ढोलही वाजणार नाही. गावात वादीविषयी कोणीही, बरं किंवा वाईट, काही बोलणार नाही. पूर्ण शांतता."

बाईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग हमी लिहून घेतली. अण्णा आपल्या वकिलाच्या कानात म्हणाले, "घाबरला." मला ऐकू येईल इतक्या हळू.

बाहेर व्हरांड्यात भाईंनी मला कोपऱ्यात घेतलं.

"तू असा सरळ कधीपासून झालास?"

"कोर्टाचा मान ठेवला."

"तातू गावकराला विचारलंस?"

तातू गावकर म्हणजे आमच्या गावचे मानकरी. ढोल कुठे वाजायचा आणि कुठे नाही, हे तेच ठरवतात.

"त्यांना विचारूनच बोललो. ते म्हणाले, कोर्टाची इच्छा असेल तर करू."

भाईंनी माझा चेहरा जरा वेळ वाचला. "पुढचं मला सांगू नकोस," ते म्हणाले. "मी तुझा वकील आहे."

शिमग्याच्या दिवशी दिवेलागणीला ढोल निघाला. अण्णांच्या फाटकात सगळे दिवे लावलेले. अण्णा आणि त्यांची बायको शैलाकाकू खुर्च्या टाकून बसलेले. हमी मोडली तर पुरावा हवा म्हणून अण्णांच्या हातात मोबाइल सुरू. शेजारच्या दारात आम्ही पोलीस पाटलांच्या नव्या दातांवर फाका घातला, बोंब झाली, नारळ मिळाला, आणि मग धुरींचं कुंपण लागलं.

ढोल थांबला. ताशा थांबला. तातू गावकरांनी टोपी काढून काखेत धरली. त्यांच्या मागे सगळ्यांनी टोप्या काढल्या. माना खाली घालून, पायांचा आवाज होऊ न देता सगळं गाव त्या दिव्यांसमोरून पुढे सरकलं. फाटकाशी तातूंनी घराकडे बघून हात जोडले.

इतकी शांतता होती की अण्णा कुजबुजले ते मला स्वच्छ ऐकू आलं. "बघितलंस शैला? याला म्हणतात कायदा."

त्यांनी तो व्हिडिओ लगेच ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'अखेर शांतता.'

आमच्या गावात शिमग्याचा ढोल एकाच प्रकारच्या दारात वाजायचा थांबतो. ज्या घरात माणूस गेलेलं असतं त्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची सरस्वती वहिनी पेजेचं पातेलं घेऊन धुरींच्या पडवीत हजर झाली. सुतकाच्या घरी चूल पेटवायची नसते म्हणून शेजाऱ्यांनी पेज द्यायची पद्धत आहे.

"कोण गेला गो?" तिने शैलाकाकूंना विचारलं.

"कोणी नाही. आम्ही दोघंच आहोत."

वहिनीने अण्णांकडे बघितलं. अण्णा पेपर वाचत होते. "तुमी धीर धरा," ती अण्णांनाच म्हणाली आणि पातेलं ठेवून गेली.

मग दूधवाल्याने विचारलं, दूध तेवढंच ठेवू की कमी करू. मग न्हावी दहाव्याची चौकशी करून गेला. तिकडे ग्रुपवर कणकवलीकडच्या कोणीतरी जाणकाराने व्हिडिओचा अर्थ समजावून सांगितला होता. 'अखेर शांतता' या ओळीखाली पावणेबारापासून श्रद्धांजल्या सुरू झाल्या. एका जुन्या सहकाऱ्याने काकूंचं सांत्वन करायला फोन केला; तो अण्णांनी उचलला. "हॅलो, मी धुरी बोलतोय," म्हणताच पलीकडून फोन कट झाला, आणि परत लागला नाही.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण ढोल एकदा थांबला की घराला सुतक लागलं. त्या घरचं कोणी काही घेत नाही, तिथे कोणी रेंगाळत नाही, त्या घरच्यांनी होळीच्या मांडावर, गाव जमतं तिथे, यायचं नाही. कोणी मेलेलं नाही हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. मी तातूंना विचारलं.

"म्हायत आसा रे," ते म्हणाले. "पण ढोल थांबलो तो थांबलो. परत त्या दारात वाजल्याशिवाय सुतक उठना नाय."

"आणि रंगपंचमीपर्यंत वाजला नाही तर?"

"मगे पुढच्या शिमग्याक."

"वर्षभर?"

"कोर्टाक शांतता होई होती मां?"

रंगपंचमीच्या सकाळी अण्णा आमच्या खळ्यात आले. टोपी नव्हती. आईने त्यांना बसायला पाट दिला आणि पाणी न देता आत गेली. सुतकाच्या माणसाला पाणी द्यावं की नाही हे तिला नक्की माहीत नव्हतं.

"त्यांना सांग, मी जिवंत आहे," अण्णा म्हणाले.

"सांगता येत नाही. तुमच्याविषयी काहीही बोलायचं नाही अशी हमी आहे."

"हे चांगलं आहे रे. चांगलं बोल."

"बरं किंवा वाईट, असं लिहिलंय. तुम्ही जिवंत असणं दोन्हीपैकी एकात बसतंच."

"मग कोर्टात जाऊ. दावा मागे घेतो."

"आज सुट्टी. आणि सूर्य बुडाला की शिमगा संपला."

अशा वेळी मला एखादा विनोद सुचतो, पण सुचला तो मी ठेवून दिला.

"मला गळ टाकता येत नाही," ते म्हणाले. "कधीच आलं नाही. इथे आलो त्या पहिल्या महिन्यात खाडीवरून हात हलवत घरी यायचो. वाटेत लोक विचारायचे, 'काय गावला?' मी म्हणायचो, कायच नाही. 'बरा' म्हणायचे आणि पुढे जायचे. एक दिवस बाजारातून येताना पिशवीत मासे होते. 'काय गावला?' म्हटल्यावर मी पिशवी उघडून दाखवली. तर तुझा बाप थांबला. बांधावर बसला. अर्धा तास बोलत होता माझ्याशी. माझ्या आजोबांची होडी कुठे लागायची ते सांगितलं त्याने. मला ते ठाऊकच नव्हतं." त्यांनी पायाखालची माती पायाने सारखी केली. "मग रोजच घ्यायला लागलो."

"पापलेट का घेतलंत पण? शेंगटी घ्यायची होती. ती खाडीतली."

"ओळखता येत नाही मला."

आई आतून तांब्याभांडं घेऊन आली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवून गेली.

मी भाईंना फोन लावला. म्हणालो, एक कायद्याचा प्रश्न आहे. हमी आम्हा प्रतिवादींवर बंधनकारक. वादीवर आहे का?

भाई म्हणाले, "नाही. वादीला वादीविषयी काहीही बोलता येतं."

"आणि बोंब?"

"ती ध्वनी आहे. रेकॉर्डवर आहे. पण दारातला ढोल?"

"तो वादीने स्वतः वाजवला तर?"

"तू असाच शिकत राहा," भाई म्हणाले आणि फोन ठेवला.

मी अण्णांकडे वळलो. "सगळ्या गावात तुमची बदनामी करायला आज एकच माणूस मोकळा आहे."

संध्याकाळी तातू गावकर गाव घेऊन पुन्हा धुरींच्या फाटकाशी आले. टोप्या काढलेल्या, सगळे गप्प. ढोलवाल्याने गळ्यातला ढोल उतरवून अण्णांच्या गळ्यात घातला. अण्णांना तो झेपत नव्हता. शैलाकाकूंनी मागून पट्टा धरला. अण्णांनी शर्टाची वरची गुंडी काढली आणि ते डोंबिवलीच्या मालवणीत, सगळे हेल चुकवत, बंगल्याकडे तोंड करून ओरडले:

"अण्णाक मासो गावना नाय,
बाजारात गेल्याबिगर रवना नाय!"

कोणी हललं नाही. वृत्तात बसत नव्हतं, हे मी कलावंत म्हणून नमूद करतो.

मग अण्णांनी ढोलावर टिपरी मारली. एकदाच, आणि चुकीच्या जागी. तातू गावकरांनी टोपी डोक्यावर ठेवली, तळहात तोंडाशी नेला, आणि त्यांच्या मागोमाग सगळ्या आंबेरखोलने असा ध्वनी केला की खाडीपलीकडच्या वाडीने उलट ध्वनी दिला. शैलाकाकू नारळ आणायला आत पळाल्या. सरस्वती वहिनी तिथल्या तिथे म्हणाली, "माझा पातेला तेवढा परत द्या."

माझा बाप फाटकातून आत गेला आणि पायरीवर बसला.

पुढच्या तारखेला तडजोड झाली. दावा मागे, हमी रद्द, आणि कोणी कधी काही केलंच नव्हतं असं कलम. बाईंनी उभय पक्षांना विचारलं, समाधानी आहात ना? मी हो म्हणालो. अण्णा म्हणाले, "एक अर्ज आहे."

ते आदल्या दिवशी माझ्याकडे आले होते. यंदाचं निभावलं, पण पुढल्या वर्षाचं काय? त्याच्या पुढल्या? आयुष्यभर विम्यात गेलेला माणूस, तोंडी आश्वासनावर कसा विसंबेल. त्यांना लेखी हवं होतं. त्यांचे वकील हा अर्ज लिहायला तयार होईनात, म्हणून त्यांनी सांगितला तसा तो मी लिहिला. वादीचा अर्ज प्रतिवादीने लिहिल्याची नोंद त्या कोर्टात आधी नसावी.

बाईंनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि 'दाखल' एवढाच शेरा मारून फायलीला लावायला सांगितला. त्यावर आजतागायत हुकूम झालेला नाही. अर्जाचा शेवट असा:

'सबब, मेहेरबान कोर्टास वादीची नम्र विनंती की, प्रतिवादींनी दर शिमग्यास वादीच्या दारात वादीची यथायोग्य बदनामी चालू ठेवावी, तसेच वर्षाच्या इतर सर्व दिवशी वादी खाडीवरून परत येत असता वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाने वादीस "काय गावला?" असे विचारावे, आणि वादीने "कायच नाय" असे उत्तर दिल्यास तरीही थांबावे, असा कायमस्वरूपी हुकूम व्हावा.'